रवळनाथाकडे ठेवलेलं मीठ

"उचल ता थयसून," असं म्हणून आईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

'ता' म्हणजे माझं जेवणाचं ताट. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मी मुद्दाम त्यांच्या खाटेपाशी जेवायला बसले होते. ताटात उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि खारातली कैरी. त्यांच्या वाटीत तीच पेज, पण बिनमिठाची. सकाळपासून त्यांनी दोन चमचेही घेतले नव्हते आणि आता माझाही घास त्यांना बघवत नव्हता. मला राग आला. आजारी माणसावर रागावू नये हे मला कळतं, पण माझा राग मला विचारून येत नाही.

"वास येतोय का? मळमळतंय?"

"उचल म्हटलंय मा."

मी ताट उचललं आणि मागच्या पडवीत जाऊन उभ्याउभ्याच जेवले.

मी मिरजेकडची. लग्न होऊन कुडाळजवळच्या या गावात आले तेव्हापासून सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकाला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. आमटी तोंडात घालून त्या म्हणायच्या, "ह्या घाटार चलता." म्हणजे घाटावर चालेल, इथे नाही. एवढंच. पुढे काही नाही. सत्यवती धुरी असं त्यांचं नाव, गाव त्यांना सत्याकाकी म्हणायचं, आणि माझं नि त्यांचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. शेजारची शेवंतीकाकी म्हणायची, तुमचो आवाज येवक नाय तर माका घरात कोण मेला काय असा वाटता.

त्या ऑक्टोबरात आवाज येत नव्हता.

आदल्या हिवाळ्यात आईंचा खोकला राहीना म्हणून कोल्हापूरला नेलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. बाईने आयुष्यात विडी ओढली नव्हती. रोज एक गोळी सुरू झाली आणि त्या गोळीने चांगला गुण आला. उन्हाळ्यात त्या काजू वेचायला लागल्या, माझ्या आमटीला नावं ठेवायला लागल्या, आम्ही निर्धास्त झालो. मग पावसाळ्यात पुन्हा स्कॅन झालं. फुप्फुसातली गाठ होती तेवढीच होती, पण कॅन्सर दोन्ही बाजूंच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत पसरला होता. माझा नवरा प्रमोद त्यांच्याबरोबर गेला होता. किडनीच्या वर या ग्रंथी असतात, असं तिथल्या डॉक्टरांनी त्याला नीट सांगितलं. पण 'पसरला' हा शब्द ऐकल्यावर माणसाचे कान बंद होतात. घाट उतरून घरी येईपर्यंत प्रमोदच्या डोक्यात फक्त 'किडनी' उरलं होतं. दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं की सत्याकाकीच्या किडनीक लागला.

आणि किडनी म्हटलं की काय बंद करायचं ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याच आठवड्यात आई मला म्हणाल्या, "माझ्या जेवणात आता मीठ घालू नको. किडनीवाल्यांका चलना नाय." बाई पहिल्यांदाच पथ्य पाळायला निघाली म्हणून मी मनातून खूशच झाले. तेव्हापासून मी दोन भांडी चढवायला लागले, एक आमचं आणि एक अळणी.

त्यानंतर त्या बसत गेल्या. आधी दळण आणायचं थांबलं, मग विहिरीपर्यंत जाणं, मग अंगणातली तुळस. उठून उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी यायची. उलट्या सुरू झाल्या. मुळात गव्हाळ बाई, पण चेहरा, हातांचे सांधे, मान सगळं काळवंडत चाललं होतं. शेवंतीकाकीने ते बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मातयेचो रंग चढलो गे." मातीचा, म्हणजे जाणाऱ्या माणसाचा. दुसऱ्या दिवशी तिने आमच्या फळीवर गंगेच्या पाण्याची बाटली आणून ठेवली. मी ती पोह्यांच्या डब्यामागे ढकलली.

मी पडवीत जेवत होते तेवढ्यात प्रमोद शेतातून आला. भात कापायला आलं होतं आणि माणसं लावलेली होती. त्याने पाय धुतले, पण आत गेला नाही. पायरीवरच बसला.

"विजूक फोन केलंय," तो म्हणाला. विजू म्हणजे माझी नणंद, ठाण्याला असते. "उद्या निघता."

"कशाला?"

"कशाक म्हणजे? शेवटचा बघून घेवक नको आवशीक?"

"कुडाळला नेऊया. डॉक्टर सामंतांना दाखवूया."

"आये नको म्हणता. दोनदा इचारलंय. पाय धरून इचारलंय." त्याने खांद्यावरचा पंचा तोंडावर धरला. "दोन्ही किडनीत गेलो गे कॅन्सर. थंय नेवन तरी काय करतलो? सुये टोचतले. घरात निवांत जावंदे तिका."

प्रमोद तसा अडून बसणारा माणूस नाही, पण त्या दिवशी तो हलायला तयार नव्हता. तो त्यांचा मुलगा होता. त्यांचे हाल नकोत असं तो म्हणत होता, आणि त्यात चूक काय ते मला दाखवता येत नव्हतं. उद्या विजू येणार, परवा बाकीचे येणार, मग ती बाटली डब्यामागून निघणार. मी भांडी घासायला निघून गेले.

उकाडा मरणाचा होता. ऑक्टोबरात कोकणात दुपारी वाराच पडतो. भांडी झाल्यावर मी ओला पंचा पिळून आईंचं अंग पुसायला आत गेले. मी शेतावर गेले असं त्यांना वाटत असणार, कारण त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. त्या कुशीवर होत्या, आणि आपला हात तोंडाशी धरून मनगटापासून कोपरापर्यंत चाटत होत्या.

माझ्या हातातला पंचा तसाच राहिला. मला वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला.

"आई?"

त्यांनी हात झटकन चादरीखाली घेतला. त्या काळवंडलेल्या चेहऱ्यावर अशी शरम मी कधी पाहिली नव्हती. गूळ चोरताना सापडलेल्या पोरीसारख्या त्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय करत होतात?"

"काय नाय."

"आई, मी पाहिलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांची जीभ नकळत ओठाच्या कोपऱ्याकडे गेली. ते थांबवायला त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"घाम खारट आसता," त्या म्हणाल्या. "कोणाक सांगू नको हा, उज्वला."

"मीठ खावंसं वाटतं? मग मागायचं की! चिमूटभराने काय होतंय? मरणाऱ्या माणसाचंसुद्धा पथ्य असतं का?" हे तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"पथ्य नाय गो ता. मी मीठ सोडलंय. रवळनाथाकडे ठेवलंय."

मी खाटेवरच बसले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कोल्हापूरहून आल्यावर सोमवारी त्या गावदेवाच्या, रवळनाथाच्या देवळात गेल्या होत्या. एकट्याच. काहीतरी मागितलं आणि त्या बदल्यात देवाच्या पायाशी मीठ ठेवलं. घरात सांगितलं तर मी आरडाओरडा करीन हे त्यांना माहीत होतं. किडनीचं निमित्त आयतंच मिळालं. आणि मीठ सोडल्यापासून, त्या म्हणाल्या, देव त्यांची परीक्षा बघत होता.

"जल्मात असा कधी झाला नाय. मी श्रावणातले चार सोमवार अळणी करतय, माका त्याचा काय नाय. पण आता रातदीस मीठच दिसता. तुझ्या ताटातली कैरी बघलंय आनि माका वाटला, तुझ्या हातातसून ओढून घेव. दर्यात जावन तोंड लावचा असा वाटता. पण मी नाय बधलंय. तेका बघू दे काय परीक्षा बघता ती."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. उठून बसायची ताकद नव्हती, पण देवाशी पैज जिंकत आणली होती बाईने.

"मागितलंत काय?"

"ता नाय सांगनय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने मी दोन-दोन भांडी घासत होते ती किडनीसाठी, असं मला वाटत होतं. मी अंगणात गेले आणि उलटीचं औषध विचारायच्या निमित्ताने डॉक्टर सामंतांना फोन लावला. औषध हे निमित्तच, खरं तर मला कोणावर तरी ओरडायचं होतं. कोल्हापूरचे सगळे कागद त्यांच्याकडे होते आणि उन्हाळ्यापर्यंत आईंना ते अधूनमधून बघायचे.

"डॉक्टर, तुम्ही तरी त्यांना झापा," मी म्हटलं. "इकडे माणूस चाललंय आणि त्यांचं नवस-सायास चाललंय. देवाला मीठ सोडलंय म्हणे! आणि वर स्वतःचा घाम चाटतायत!"

"परत सांगा," डॉक्टर म्हणाले. "मीठ सोडलंय, की मीठ खावंसं वाटतंय?"

"दोन्ही! तोच तर वेडेपणा."

"उभ्या राहिल्या की चक्कर येते?"

"उभ्याच राहात नाहीत आता."

"उलट्या आहेत. रंग काळा पडलाय का? आत जा आणि तळहाताच्या रेषा बघा. फोन ठेवू नका."

मी आत गेले, आईंचा हात उघडला. कोणीतरी कोळशाने आखल्यासारख्या रेषा काळ्या होत्या. मी तसं सांगितलं. डॉक्टर सामंत एरवी फार सावकाश बोलणारे गृहस्थ, पण त्यांचा आवाज बदलला.

"उज्वलाताई, आत्ताच्या आत्ता त्यांना घेऊन या. जेवत असाल तर हात धुऊ नका. मी सगळं तयार ठेवतो."

"पण डॉक्टर, किडनी..."

"किडनी राहू दे. आणा त्यांना."

प्रमोद नको म्हणालाच. आईंनी तर पडल्यापडल्या दोन्ही हातांनी खाट धरून ठेवली. मी काय काय बोलले ते मला आज आठवत नाही, पण शेवंतीकाकी सांगते की मी नवऱ्याला म्हणाले, तुझी आई मिठाविना मरतेय आणि तू पायरीवर बसून रडतोस. वाडीतल्या बाळा धुऱ्याची ओम्नी गाडी होती. त्याने आणि प्रमोदने आईंना चादरीसकट उचललं. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नाडी इतकी बारीक झाली होती की मी मनगट सोडून मानेपाशी बोटं ठेवून बसले.

पोचल्या पोचल्या रक्त काढलं आणि लगेच सलाईन लावलं, शिरेतून एक इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले की रक्ताचा निकाल येईपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो. प्रमोद माझ्याशी बोलत नव्हता आणि मी त्याच्याशी. विजूला काय कळवायचं तेही आम्हाला ठरवता येईना.

सकाळी नर्सने आत बोलावलं. मला वाटलं, कागदावर सही घ्यायला बोलावलं असेल. पडद्याच्या आत गेलो तर आई उशीला टेकून बसल्या होत्या. बसल्या होत्या! हातात कप होता.

"ह्या चायत पाणीच आसा," त्या म्हणाल्या. "हयसर दूध मिळना नाय?"

प्रमोद पलंगाच्या कडेला बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. आई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "ह्याका काय झाला?" मला हसू आवरेना. हसता हसता मीही रडत होते, आणि नर्स आम्हा दोघांना बाहेर काढायच्या बेतात होती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं.

"पहिली गोष्ट," ते म्हणाले, "त्यांच्या किडनीला काहीही झालेलं नाही."

प्रमोद माझ्याकडे बघायला लागला. डॉक्टरांनी एक मूठ वळली आणि तिच्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा आडवा टेकवला.

"ही मूठ म्हणजे किडनी. हा वर अंगठा, ही अ‍ॅड्रिनल. दोन किडन्या, दोन अ‍ॅड्रिनल. शेजार किडनीचा, पण काम अगदी वेगळं. शरीरात मीठ धरून ठेवायचं, बीपी टिकवायचं, आजारपणात माणसाला उभं ठेवायचं, यासाठी जे रस लागतात ते ही एवढीशी ग्रंथी बनवते. फुप्फुसाचा कॅन्सर बऱ्याचदा इथे येऊन बसतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, फक्त स्कॅनमध्ये दिसतं. एका बाजूची बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. आईंच्या दोन्ही बाजू गाठींनी भरल्यात. रस संपला. मग शरीराला मीठ धरता येईना, ते लघवीतून वाहून जायला लागलं. शरीर मीठ मीठ करून ओरडत होतं."

"आणि आम्ही तेच बंद केलं," मी म्हटलं.

"तुम्ही नाही. त्यांनी केलं. मीठ खात असत्या तरी हे झालंच असतं, पण इतक्या लवकर नाही."

"आनि कॅन्सर?" प्रमोदने विचारलं.

"तो आहे. पसरलेला आहे आणि तो गेला असं मी सांगणार नाही. कोल्हापूरला आता औषध बदलतील, मी बोललोय त्यांच्याशी. पण काल त्या मरत होत्या त्या गाठींच्या वजनाने नाही, या रसावाचून मरत होत्या. आणि तो रस गोळीत मिळतो." त्यांनी दोन पाकिटं पुढे केली. "ही दिवसातून तीनदा, ही छोटी एकदा. एकही चुकवायची नाही, मनाने बंद करायची नाही. ताप आला तर ही पहिली गोळी दुप्पट आणि मला फोन. उलटीत गोळी पडली तर सरळ इकडे, इंजेक्शन द्यावं लागेल. आणि जेवणात मीठ सढळ हाताने. मीठच नसेल तर ही छोटी गोळी धरून ठेवणार काय?"

आम्ही विजूला फोन करून सांगितलं की ये, पण रडत येऊ नको. प्रमोद ते सांगताना मोठमोठ्याने हसत होता आणि रस्त्यावरचे लोक बघत होते.

घरी आल्यावर मी कुळथाचं पिठलं केलं, सढळ हाताने मीठ घातलं, वर तूप सोडलं आणि ताट आईंपुढे ठेवलं. त्यांनी वास घेतला. त्यांच्या तोंडाला सुटलेलं पाणी मला दिसलं. आणि त्यांनी ताट मागे सारलं.

"मीठ आसा ह्यात."

"असणारच. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर सांगतलो. मी देवाकडे ठेवलंय."

"तुमच्या अंगात बाटल्याच्या बाटल्या मीठ गेलंय, ते चाललं देवाला?"

"ता शिरेतसून गेला. जिभेक लागाक नाय."

मी हात टेकले. प्रमोदने समजावलं, विजूने येऊन समजावलं, डॉक्टरांनी फोनवर समजावलं. बाई ऐकेना. गोळ्या घेत होत्या, पण पेज अळणीच. दोन दिवसांत पुन्हा गरगरायला लागलं. देवाला दिलेला शब्द आपल्या मनाने मोडायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. देवानेच सोडवलं तर गोष्ट वेगळी.

"मग विचारा देवाला," मी ओरडले. "बोलवा त्या गुरवाला!"

मी वैतागून म्हटलं होतं, पण आईंनी मान डोलावली. "कौल लाव म्हणान सांगा बाबीक."

म्हणून सोमवारी दुपारनंतर आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून रवळनाथाच्या देवळात नेलं. खुर्ची प्रमोदने आणि बाळाने उचलली होती. ही बातमी लपणार कशी? देवळात वाडीतली पंधरा-वीस माणसं आधीच येऊन बसली होती. मी घरातलं मीठ कागदाच्या पुडीत बांधून घेतलं होतं. कौल मिळाल्यावर घरी जाईपर्यंत बाईचं मन बदलायला नको होतं.

बाबी गुरवाने देवाला पाणी घातलं, जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवून मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही. मग तो आईंजवळ आला.

"काकी, मीठ ठेवलस ता कळला. पण मागणा काय घातलं होतंस?"

"ता कित्याक होया तुका?"

"खयचो नवस सोडवचो ता देवाक सांगूक नको? असाच कसो सोडवतलो तो?"

आईंनी बाबीला वाकायची खूण केली आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बाबीचा चेहरा पडला.

"ह्या मोठ्यान सांगूचा लागात, काकी. गाऱ्हाण्यात पोटात ठेवन चलना नाय."

आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. "सांग."

गाऱ्हाणं म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गुरव देवासमोर एकेक गोष्ट मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं एका सुरात होकार देतात. मला त्याचं पहिल्यापासून हसू यायचं. इतक्या वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!" बाबीने आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या धुऱ्यांच्या सत्यवतीन तुझ्याकडे मीठ ठेवल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि मागणा काय घातल्यान..." बाबी अडखळला. त्याने घसा खाकरला. "मागणा घातल्यान काय, तर माका बेगीन ने. माका खाटेर कुजवू नको. माझ्या सुनेक माझा हागणा-मुतणा काढूक लावू नको, म्हाराजा!"

होकार आला नाही.

प्रमोदचे हात जोडलेले होते आणि तोंड घट्ट मिटलेलं. शेवंतीकाकीने पदर तोंडाला लावला. बाबी वाट बघत उभा होता, कारण होकार आल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नव्हतं. आई डोळे मिटून खुर्चीत बसल्या होत्या. मीठ माझ्यासाठी ठेवलं होतं. दर्यात तोंड घालावंसं वाटत होतं तरी त्या माझ्यासाठी तोंड मिटून पडल्या होत्या, आणि हे मला त्यांनी मेल्या तरी सांगितलं नसतं. मला इतकं वाईट वाटलं आणि इतका राग आला की दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

"नाय म्हाराजा!" मी ओरडले.

त्या देवळात असं कोणी कधी बोललं नसणार. बाळा धुऱ्याच्या तोंडून फसकन हसू निघालं आणि त्याने ते खोकल्यात बुडवलं. बाबी गर्रकन वळला.

"गाऱ्हाण्यात 'नाय' नसता गे!"

"मग मला जे मान्यच नाही त्याला हो कसं म्हणू?"

"माका पण मान्य नाय," प्रमोद म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

आईंनी डोळे उघडले. "तुका काय कळता गो?" त्या माझ्यावर खेकसल्या. "म्हातारा माणूस खाटेर पडला म्हणजे काय जाता, ता मी काढलंय. माझ्या सासवेचा. सा वर्सा. हातांचो वास जायना नाय. तुका ता नको."

"मला काय हवं ते मी बघेन ना! तुम्ही पडलात तर मी काढेन. रोज तुमच्या नावाने बोटं मोडत काढेन. आणि तुम्ही खाटेवरून माझ्या आमटीला नावं ठेवा. ते आपलं आपण बघू, त्यात देवाला कशाला घालता?"

माणसं हसली. आईंचे खांदे हलायला लागले. त्या हसतायत की रडतायत ते काही वेळ कोणालाच कळेना. मग त्यांनी पदराने नाक पुसलं आणि माझ्याकडे टक लावून पाहात राहिल्या.

"काकी," बाबीने हळूच विचारलं, "मगे आता देवाक काय सांगू?"

आईंनी पदर सारखा केला.

"सांग तेका," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्येक आता घाई नाय म्हणान सांग."

बाबीने छाती भरून श्वास घेतला. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! म्हाताऱ्येक आता घाई नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कौलारू छपराखालची कबुतरं उडाली. सगळ्यांत मोठा आवाज प्रमोदचा होता, आणि त्याच्या खालोखाल माझा. आईही पुटपुटल्या. देवानेही पुढे घाई केली नाही. दोन भातकापण्या त्यांनी बांधावर खुर्ची टाकून, माणसांना नावं ठेवत करून घेतल्या. पण ते नंतरचं. त्या दुपारी होकाराचा आवाज विरल्यावर बाबी मूर्तीकडे वळला आणि तसाच थबकला. उजवी पाकळी देवाच्या पायाशी पडलेली होती. ती कधी पडली ते कोणी बघितलंच नव्हतं. आम्ही सगळे आईंकडे बघत होतो.

"उजवो दिल्यान!" बाबी म्हणाला.

आईंनी देवाला हात जोडले. मग माझ्यासमोर तळहात पसरला. मी पुडी सोडून त्यावर चिमूटभर मीठ ठेवलं. त्यांनी ते जिभेवर घेतलं आणि डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहात होतं, ते ओठांपाशी आलं तेव्हा त्यांनी ते सगळ्यांसमोर, बिनधास्त जिभेने टिपलं.

मग त्यांनी हात पुन्हा पुढे केला.

"एवढ्याशान काय जाता?" त्या म्हणाल्या. "आनी घाल."